आधी वायर काढ

सांगली

चि. सोनू यास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू जे सांगितलंस त्यावरून तुमच्या कॉम्प्युटरला लागण झाली आहे, यात मला शंका नाही. गुगलवर काही शोधलं की भलतीच साइट उघडते, मशीनवर कुणी बसलेलं नसतानाही पंखा जोरात फिरतो, उजव्या कोपऱ्यात ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस सापडले’ अशी पाटी सारखी येते, आणि पेन ड्राइव्हमधले सगळे फोल्डर शॉर्टकट होऊन बसलेत. ही सगळी लक्षणं एकाच दुखण्याची असतील असं मला वाटत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. आणि कागदावर लिहितो, कारण यातलं बरंचसं काम नेट बंद ठेवून करायचं आहे, आणि फोनवर ऐकलेलं ऐन वेळी आठवत नाही.

सगळ्यात आधी वायर काढ. राउटरकडून येणारी केबल उपस, वायफाय बंद कर. आत शिरलेल्या प्रोग्रामला तुमची माहिती बाहेर धाडायला नेट लागतं, आणि आणखी साथीदार आत घ्यायलाही नेटच लागतं. पेन ड्राइव्ह काढून ठेव. फोटोंची ती बाहेरची हार्ड डिस्क तर मी सांगेपर्यंत लावूच नकोस. खंडणी मागणारा प्रोग्राम, म्हणजे रॅन्समवेअर, घरातल्या फायलींना कुलूप घालतो तेव्हा जोडलेल्या डिस्कवरच्या फायलीही सोडत नाही.

त्यानंतरचं काम कॉम्प्युटरवर करायचं नाही, तुझ्या मोबाइलवर करायचं. लोक इथंच उलटं करतात. आधी मशीन दुरुस्तीला नेतात आणि पासवर्ड राहून जातात. पूर्वीचे व्हायरस स्क्रीनवर काहीतरी दाखवून, फायली बिघडवून आपण आल्याचं जाहीर करायचे. आताचे चोर प्रोग्राम तसं काही करत नाहीत. आल्या आल्या ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकी उचलतात, पाठवून देतात, आणि पुष्कळदा स्वतःला पुसूनही टाकतात. लॉगिनची कुकी म्हणजे बसच्या मासिक पाससारखी असते. एकदा ओळख पटली की साइट ती ब्राउझरकडे देते आणि पुढे दर वेळी विचारत नाही. ती दुसऱ्याच्या हाती पडली की त्याला पासवर्ड लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही. म्हणून नुसता पासवर्ड बदलून थांबू नकोस. प्रत्येक खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘सगळ्या उपकरणांवरून साइन आउट’ हेही कर. सुरुवात ईमेलपासून कर, कारण बाकी सगळ्या खात्यांचे ‘पासवर्ड विसरलो’चे निरोप तिथंच येतात. मग दाजींचं नेट बँकिंग, मग उरलेलं. हे लागण झालेल्या मशीनवरून केलंस तर नवा पासवर्डही त्याच चोराला मिळेल. खात्यात एखादा अनोळखी व्यवहार दिसला तर सकाळची वाट पाहू नका. लगेच बँकेला आणि १९३० या सरकारी हेल्पलाइनला फोन करा. पैसे पुढच्या खात्यात फिरवले जाण्याआधी तक्रार पोहोचली तर ते अडवता येण्याची आशा असते.

आता ज्याच्यासाठी मी खरं म्हणजे हे पत्र लिहायला बसलो, ते. आईला मंडळाचा अहवाल मराठीत टाइप करायचा होता म्हणून तू मराठी फॉण्टचं महागडं सॉफ्टवेअर ‘क्रॅक’सकट, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडणाऱ्या प्रोग्रामसकट, कुठूनतरी डाउनलोड केलंस, हे तू स्वतःहून सांगितलंस. मला त्याचं फार बरं वाटलं. माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक मशीन टेबलावर ठेवतं आणि म्हणतं, ‘काहीच केलं नाही, आपोआप झालं.’ मग डाउनलोडचं फोल्डर उघडलं की तारखेसकट सगळं दिसतं. नवऱ्याला कळू नये म्हणून बायकोने, वडील रागावतील म्हणून मुलाने, सुनेसमोर मान खाली जाईल म्हणून सासऱ्यांनी आठवडेच्या आठवडे गप्प बसलेलं मी पाहिलंय. चोराला तेवढाच अवधी हवा असतो. त्याच दिवशी कळलं तर पासवर्ड बदलून निभावतं, महिन्याने कळलं तर काय काय गेलं याचा हिशोबच लागत नाही. म्हणून घरातल्या सगळ्यांना विचार की हे कधीपासून होतंय, काय उघडलं होतं, कुणाचा फोन आला होता. पण आवाज चढवू नकोस, आणि दाजींचा चढला तर त्यांना माझं नाव सांगून थांबव. आजोबा पेन्शनच्या नावाने आलेली लिंक उघडतात, याचा तू फोनवर वैतागून उल्लेख केलास. वैतागू नकोस रे. पेन्शन थांबेल या भीतीने उघडतात ते, आणि ती भीती ओळखूनच तो निरोप लिहिलेला असतो. ‘लिंक उघडलीत तर लगेच मला सांगा, मी काही बोलणार नाही’ एवढं त्यांना सांग, आणि ते पाळ.

तुझं ते क्रॅक कसं आलं ते आठव. झिप फाइलला पासवर्ड होता ना? आणि आधी अँटिव्हायरस बंद करा अशी सूचना होती? कुलूपबंद झिपच्या आत अँटिव्हायरसला डोकावता येत नाही, म्हणून पासवर्ड ठेवतात. आणि बंद करायला लावतात ते कशासाठी, हे तुला आता सांगायला नको.

आता सफाई. कोपऱ्यातल्या पाटीपासून सुरुवात कर, कारण ते बहुधा सगळ्यात सोपं आहे. तो व्हायरस नसतो. एखाद्या साइटने ‘अलाऊ’ दाबायला लावलेलं असतं आणि ती साइट ब्राउझरच्या नोटिफिकेशनमधून खोट्या सूचना धाडत असते. क्रोमच्या साइट सेटिंगमध्ये नोटिफिकेशन्सची यादी बघ आणि अनोळखी नावं काढून टाक. त्या पाटीवर मात्र कधीही क्लिक करू नकोस, तिथला फोन नंबर तर लावूच नकोस. शोध भलतीकडे जातो त्याचं मूळ बहुतेक वेळा एक्स्टेन्शनमध्ये असतं, तेव्हा तू स्वतः टाकलेलं नाही ते प्रत्येक काढ. क्रोमच्या मेन्यूत खाली ‘मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन’ असं दिसतंय का, तेही पाहा. घरच्या कॉम्प्युटरला कुठली आली संस्था? काही अँटिव्हायरसमुळेही ते येतं, पण तसा तुमच्याकडे नाही, म्हणजे कुणीतरी ब्राउझरवर आपले नियम लादलेत.

पुढे विंडोज सिक्युरिटी उघड. स्कॅन करण्याआधी तिथली ‘एक्स्क्लूजन्स’ची यादी तपास. हे सहसा कुणी तपासत नाही. धूर्त प्रोग्राम आत आल्यावर आपलंच फोल्डर त्या यादीत घालतो, आणि मग विंडोजचा अँटिव्हायरस, म्हणजे डिफेंडर, कितीही वेळा फिरवला तरी त्या फोल्डरकडे बघत नाही. यादी रिकामी कर. मग स्कॅनच्या पर्यायांतून ‘ऑफलाइन स्कॅन’ निवड. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू होईल आणि विंडोज उठण्याआधीच तपासणी होईल. विंडोज चालू असताना स्वतःला लपवणाऱ्या प्रोग्रामला इथं लपायला जागा राहत नाही. साधारण पंधरा मिनिटं लागतात. दुसरं मत म्हणून मालवेअरबाइट्सची मोफत आवृत्ती चालव. ती दुसऱ्या, चांगल्या कॉम्प्युटरवरून मूळ साइटवरूनच घे. केंद्र सरकारच्या सर्ट-इन संस्थेचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून आहे. ई-स्कॅन, के-७ अशा देशी कंपन्यांची मोफत सफाई साधनं तिथं मिळतात, तीही चालतील. पण कायम पहारा देणारे दोन अँटिव्हायरस एकाच मशीनवर ठेवू नकोस, ते एकमेकांनाच अडवत बसतात.

एवढं करून सगळं स्वच्छ दिसलं तरी माझा सल्ला आहे की तुमचं मशीन पूर्ण पुसून विंडोज नव्याने टाक. नोटिफिकेशन किंवा एक्स्टेन्शनचं दुखणं असतं तर मी हे सांगितलं नसतं. पण क्रॅक तू अ‍ॅडमिनची परवानगी देऊन चालवलंस. त्यानंतर त्याने कुठं काय पेरून ठेवलं याची खात्री कोणताही स्कॅनर देऊ शकत नाही, आणि त्याच मशीनवरून दाजी बँकेचे व्यवहार करतात. विंडोजचा पेन ड्राइव्ह मित्राच्या चांगल्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून बनव. मशीनसोबत आलेलं अस्सल विंडोज असेल तर त्याचा परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो, नेट मिळालं की आपोआप चालू होतो. त्यासाठी कुणाला पैसे देऊन ‘अ‍ॅक्टिव्हेट’ करून घ्यायची गरज नाही. स्वस्तात विंडोज टाकून देणारे पुष्कळदा अ‍ॅक्टिव्हेटर नावाचं आणखी एक क्रॅकच आत सोडून जातात. या धंद्यात असून मला ते बघवत नाही. पुसण्याआधी फक्त फोटो, पीडीएफ, वर्ड-एक्सेलच्या फायली आणि टॅलीचा डेटा एका नव्या पेन ड्राइव्हवर उचल. सेटअपच्या फायली एकही घेऊ नकोस, कितीही जपून ठेवलेल्या असल्या तरी.

तुमचं मशीन अजून विंडोज १० वर आहे. त्याचे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. तेव्हा मशीन घेत असेल तर ११ टाक, घेत नसेल तर मला कळव, आपण मार्ग काढू. अपडेटला तुम्ही सगळे ‘नंतर’ म्हणता, म्हणून एक सांगतो. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर सुटलं आणि काही तासांत जगभर पसरलं, ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत ठरलेल्या शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. ज्या भोकातून ते शिरलं ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलेलं होतं. जवळजवळ दोन महिने ते घ्यायचं राहिलं, एवढंच कारण.

पेन ड्राइव्हचं दुखणं झेरॉक्सच्या दुकानातून आलं असणार. परीक्षेचा फॉर्म, हॉल तिकीट काढायला शेकडो मुलांचे पेन ड्राइव्ह त्या एका कॉम्प्युटरला लागतात. तो किडा तुझे फोल्डर पुसत नाही. ते लपवतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट समोर ठेवतो. तू शॉर्टकट उघडलास की आधी तो चालतो, मग तुझं फोल्डर उघडून देतो, त्यामुळे संशयही येत नाही. तेव्हा त्यातलं काही गेलेलं नाही, घाबरू नकोस. नव्या विंडोजवर, स्कॅन करून झाल्यावर, फोल्डर ऑप्शन्समध्ये लपवलेल्या आणि सिस्टिमच्या फायली दाखवायला सांग. मूळ फोल्डर दिसतील. आतली कागदपत्रं काढून घे आणि ड्राइव्ह फॉर्मॅट कर. पुढे प्रिंटसाठी एक वेगळा रिकामा ड्राइव्ह ठेव, ज्यात मूळ प्रत कधीच नसेल.

तिथंच ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ही चालू करून ठेव. मे २००० मध्ये प्रेमपत्राच्या नावाने जगभर फिरलेला तो ईमेलचा किडा आठवतो मला. फायलीचं नाव टीएक्सटीने संपतंय असं दिसायचं, त्यापुढचं व्हीबीएस विंडोज लपवून ठेवायचं. लोकांना वाटलं साधं पत्र आहे, उघडलं तर प्रोग्राम. आजही ‘बिल डॉट पीडीएफ’च्या मागे ईएक्सई लपलेलं असतं.

नव्या विंडोजवर अ‍ॅडमिनचं खातं तुझ्याकडे ठेव, आणि रोजच्या वापरासाठी सगळ्यांना, तुला स्वतःलाही, स्टँडर्ड खातं कर. काही टाकायचं झालं की ते पासवर्ड मागेल आणि तेवढ्यात विचार करायला क्षणभर मिळेल. पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवू नका. सध्या एक नवी युक्ती चालली आहे, ती घरात सगळ्यांना समजावून सांग. ‘मी रोबोट नाही’ हे सिद्ध करण्यासाठी एखादी साइट विंडोजची कळ आणि आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर, असं सांगते. म्हणजे तिने गुपचूप कॉपी करून ठेवलेला हुकूम तुमच्याच हातांनी चालवून घेते. कोणतीही खरी साइट असं कधीही करायला सांगत नाही. मायक्रोसॉफ्टमधून किंवा बँकेतून बोलतोय म्हणत एनीडेस्क, म्हणजे आपलं मशीन दुरून दुसऱ्याला चालवू देणारा प्रोग्राम, टाकायला सांगणाऱ्याचा फोन तिथंच ठेवायचा, मग तो मराठीत कितीही गोड बोलो.

आईच्या अहवालाचं काम मात्र अडायला नको. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड आतच असतो, इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे मुक्ता, बलू हे देखणे देवनागरी फॉण्ट गुगल फॉण्ट्सवर मोफत आणि कायदेशीर मिळतात. छापखान्याला जुन्याच फॉण्टमधली फाइल हवी असेल तर मजकूर युनिकोडमध्ये दे, बदलायचं काम ते करतील.

सगळं बसलं, स्कॅन स्वच्छ आला, की मगच ती फोटोंची हार्ड डिस्क लाव, आधी ती स्कॅन कर, आणि फोटोंची आणखी एक प्रत काढ. एक प्रत मशीनबाहेर, वायर काढलेली, कपाटात राहिली पाहिजे. आजीचे ते फोटो दुसरीकडे कुठंच नाहीत.

ऑफलाइन स्कॅन झाल्यावर प्रोटेक्शन हिस्टरीत जी नावं येतील त्यांचा मोबाइलवर फोटो काढून मला पाठव. नाव कळलं की काय काय गेलं असू शकतं ते मला नेमकं सांगता येईल. रविवारी दुकान बंद असतं, दिवसभर कधीही फोन कर.

आईला, दाजींना नमस्कार सांग. आजोबांना माझा साष्टांग नमस्कार.

तुझा,
मामा