बर्फ पडणार आणि बर्फ असणार: दोन वेगळे प्रश्न

प्रश्न : येत्या हिवाळ्यात हैदराबादहून विमानाने श्रीनगर आणि तिथून गुलमर्ग, असा आमचा सहकुटुंब बेत आहे. हैदराबादचं स्नो वर्ल्ड सोडलं, तर आमच्यापैकी कुणी बर्फ पाहिलेला नाही. मुलांना स्कीइंग शिकायचं आहे. आत्तापासून मोबाइलवर अंदाज बघायची सवय करावी म्हटलं, तर एकाच दिवसासाठी एक ॲप ‘१२ सेंटिमीटर बर्फ’ म्हणतं आणि दुसरं ‘हलका पाऊस’. कुठे ‘खाली ४०, वर १५०’ असे आकडे दिसतात. यातलं खरं काय धरायचं? आणि आमच्याकडे मार्चमध्ये गारा पडतात, तोही बर्फच ना? — एक वाचक, हुलसूर (जि. बीदर)

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण त्याचं अर्धं उत्तर तुमच्या रानातच मिळतं. गारा ऐन थंडीत क्वचित पडतात. ऊन तापू लागलं की पडतात. गारेला वादळी ढग लागतो. दुपारची तापलेली हवा जोरात वर चढते, पाण्याचे थेंब शून्याखालच्या थरात नेते, तिथे ते गोठतात, त्यांच्यावर आणखी पाणी गोठत जातं आणि वर चढणाऱ्या वाऱ्याला तो गोळा पेलवेनासा झाला की गार सुटते. ती जड असते, वेगाने येते, त्यामुळे खालच्या उबदार हवेत पूर्ण वितळायला तिला वेळच मिळत नाही. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये मराठवाड्यात शेतं पांढरी झाली, ती अशी.

हिमाचा जन्म निराळा. ढगातली वाफ पाणी न होता थेट स्फटिक बनते आणि हे हलके स्फटिक सावकाश खाली उतरतात. वाटेत हवा पुरेशी उबदार लागली, की त्यांचा पाऊस होतो. म्हणून हिमवर्षावासाठी ढगापासून जमिनीपर्यंतची जवळजवळ सगळी हवा थंड असावी लागते. बीदरकडे डिसेंबरात पहाटे कडाका असतो खरा, पण तो जमिनीलगतचा, आणि तोही आकाश निरभ्र असतं म्हणून. ढग आले की थंडी पळते, हा तर आपला नेहमीचा अनुभव.

काश्मीरमध्ये ढग आणि थंडी दोन्ही एकदम जमतात. भूमध्य समुद्राच्या बाजूने पश्चिमी विक्षोभ, म्हणजे ढग-पाऊस आणणाऱ्या वादळी प्रणाली, येतात आणि हिमालयाला अडून वर चढतात. तिथला सगळ्यात कडक काळ म्हणजे ‘चिल्लई कलान’, २१ डिसेंबरपासूनचे ४० दिवस. मात्र कडक थंडी म्हणजे हमखास बर्फ, असं समीकरण नाही. विक्षोभ आलाच नाही, तर नुसती कोरडी थंडी.

आता दोन ॲपांचं भांडण. हवामानाचं प्रारूप पृथ्वीचे चौकोन पाडून हिशेब करतं. युरोपीय हवामान केंद्राच्या प्रारूपात हा चौकोन सुमारे ९ किलोमीटरचा आहे. पुण्याच्या ‘आयआयटीएम’ या संस्थेने विकसित केलेली, मे २०२५ मध्ये सुरू झालेली भारत फोरकास्ट सिस्टिम तो ६ किलोमीटरवर आणते. सपाट मुलखात एवढं पुरेसं ठरतं. गुलमर्गचं मैदान आहे सुमारे २,६५० मीटर उंचीवर आणि गोंडोलाचं (रोपवेचं) वरचं टोक, अफरवट शिखराजवळ, साधारण ३,९५० मीटरवर. आणि दोन्ही मोजक्या किलोमीटरांच्या आत. एका चौकोनाला उंची एकच, तीही सरासरी. उंची दर १,००० मीटर वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे मैदानात २ अंश असेल, तर वर उणे सहाच्या आसपास. त्याच ढगातून खाली पाऊस किंवा भिजका बर्फ आणि वर कोरडा भुसभुशीत बर्फ पडू शकतो. तुमच्या दोन ॲपांनी बहुधा दोन वेगळ्या उंची धरल्या असाव्यात, आणि मग दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. म्हणून बर्फाचा आकडा दिसला की आधी विचारायचं, हा कुठल्या उंचीचा? त्याबरोबर ‘फ्रीझिंग लेव्हल’, म्हणजे हवा शून्य अंशावर येते ती उंची, दिली असेल तर तीही बघा. बर्फ या रेषेच्या खालीही साधारण दोन-तीनशे मीटरपर्यंत टिकून येतो, त्याखाली पाऊस.

दुसरी गोम सेंटिमीटरची. प्रारूप आधी पाण्याचा हिशेब करतं, मिलिमीटरमध्ये. एक मिलिमीटर पाण्याचा एक सेंटिमीटर बर्फ, हा ढोबळ नियम. पण शून्याच्या जवळचा ओला बर्फ दबून निम्म्यावर येतो आणि कडाक्याच्या थंडीतला कोरडा बर्फ दीडपट-दुप्पट फुगतो. बारा मिलिमीटर पाण्याचे सात सेंटिमीटर होतील किंवा अठराही. आणि मुदत? विक्षोभ येतोय हे पाच-सहा दिवस आधी बऱ्यापैकी कळतं. किती पडेल याचा भरवसा शेवटच्या दोन-तीन दिवसांतच धरावा. पंधरा दिवसांपुढचा सेंटिमीटरचा आकडा मनोरंजन म्हणून वाचा.

इथवर झालं आभाळाचं. जमिनीवर काय आहे, हा प्रश्न स्वतंत्र. तुम्ही पेरणी पावसाचा अंदाज ऐकून करत नाही, वाफसा बघून करता. स्कीइंगही तसंच. ‘खाली ४०, वर १५०’ म्हणजे पायथ्याशी आणि माथ्यावर साचलेल्या बर्फाची सेंटिमीटरमधली जाडी. तिच्या जोडीला तीन गोष्टी बघायच्या : शेवटचा बर्फ कधी पडला, त्यानंतर ऊन-वारा कसा होता आणि उतार यंत्राने दाबून सारखा केला आहे का. ताज्या कोरड्या बर्फाला ‘पावडर’ म्हणतात. जगभरचे स्कीपटू गुलमर्गला येतात ते अफरवटच्या पावडरसाठी. शिकाऊ माणूस मात्र त्यात गुडघ्यापर्यंत रुततो. त्याला दाबलेला, सपाट बर्फ बरा. दुपारी वितळून रात्री पुन्हा गोठलेला बर्फ सकाळी काचेसारखा कडक असतो, उन्हं चढल्यावर मऊ होतो आणि दुपारी त्याचा चिखल. खडकाळ उतारावर जाड थर लागतो. गुलमर्गच्या मैदानाखाली गवत आहे, तिथे तीसेक सेंटिमीटर दबलेल्या बर्फातही मुलांचे पहिले धडे होऊ शकतात. वरच्या दीडशेशी तुम्हाला फारसं कर्तव्य नाही. गुलमर्गला केंद्र सरकारची स्कीइंग आणि गिर्यारोहण शिकवणारी संस्था आहे, तिच्या अभ्यासक्रमांची चौकशी आधी करा.

जास्त बर्फ म्हणजे जास्त मजा, हेही नेहमी खरं नाही. तंगमर्गहून वर जाणारा सुमारे १३ किलोमीटरचा घाटरस्ता जोरदार बर्फात चाकांना साखळ्या असलेल्या गाड्यांपुरताच उघडा राहतो. वारा वाढला की गोंडोलाचा कोंगदूरी ते अफरवट हा दुसरा टप्पा बंद ठेवतात. हवामान खात्याचा पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे बेत बदला. हिमस्खलनाचा इशारा याहून वेगळा असतो. ‘डीआरडीओ’ची ‘डीजीआरई’ ही संस्था त्याचा अंदाज देते आणि तो जिल्हा व उंची सांगून येतो. गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यात येतं, हे ध्यानात ठेवा. मोठ्या हिमवर्षावानंतरचा पहिला दिवस सगळ्यात मोहाचा आणि सगळ्यात धोक्याचाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटच्या उतारावर दोन पोलिश स्कीपटू हिमस्खलनात दगावले. आखलेला, पहारा असलेला उतार सोडून तुमच्यापैकी कुणी जाऊ नये.

मग जायचं कधी? २०२४ चा जानेवारी गुलमर्गला जवळजवळ कोरडा गेला. बर्फ आला तो महिनाअखेरीस. २०२५ मध्ये फेब्रुवारीतल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या आणि मार्चमध्ये झाल्या. उत्तराखंडातल्या औलीला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी कृत्रिम बर्फाची यंत्रं बसवली होती, पण त्यांनाही हवा पुरेशी थंड आणि कोरडी लागते. तेव्हा नाताळच्या सुट्टीचा हट्ट सोडा. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत बर्फ साचलेला असण्याची शक्यता त्यामानाने चांगली. तारीख बदलता येईल अशीच खोली घ्या आणि श्रीनगरला एक दिवस हातचा राखा. बर्फात विमानंही रखडतात. निघण्याच्या तीन दिवस आधी अंदाज बघा. आदल्या दिवशी हॉटेलात फोन करून एवढंच विचारा, ‘शेवटचा बर्फ कधी पडला आणि मैदानात आज किती आहे?’ कुठल्याही ॲपपेक्षा हे उत्तर जास्त कामाचं.