रस्सा सोडू नका, चटणीतलं मीठ मोजा

सातारा-सांगलीकडच्या घरात कुणाला रक्तदाब किंवा मधुमेह निघाला की सगळ्यात आधी रस्सा बंद होतो. पेशंट घरी जाऊन सांगतो, ‘डॉक्टरांनी तिखट बंद करायला सांगितलंय.’ मग आठ-पंधरा दिवस फुलका आणि पातळ वरण चालतं, आणि गावच्या जत्रेत सगळं पथ्य एका बैठकीत मोडतं. मला हे पथ्य मुळातच पटत नाही. अख्खा मसूर, घेवड्याची आमटी, मटकीची उसळ हे तुमच्या ताटातले उत्तम पदार्थ आहेत. बिघडतं ते त्यांच्यातल्या मिठामुळे आणि तेलामुळे, आणि घरी रांधताना या दोन्ही गोष्टी आपल्या हातात असतात.

आधी मिठाबद्दल. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. त्यात भाजी, भाकरीचं पीठ, लोणचं, पापड, ठेचा सगळं आलं. ‘मी वरून मीठ घेत नाही’ असं पेशंट सांगतात, आणि ते खरंच असतं. पण आपल्याकडच्या चटणीत, म्हणजे कांदा-लसूण मसाल्यात, मीठ आधीच असतं, हे कुणाच्या लक्षात येत नाही. उन्हाळ्यात मिरच्या वाळवायच्या, कांदा, लसूण, खोबरं, तीळ, धने तेलावर परतायचे आणि डंकावरून कुटून आणायचं. ही चटणी वर्षभर टिकते त्यात उन्हाइतकाच मिठाचा आणि तेलाचा वाटा असतो. आपण रश्श्यात ती दोन-तीन चमचे घालतो आणि वर सवयीने आणखी मीठ टाकतो.

म्हणून माझी एक विनंती आहे. यंदा चटणी कुटाल तेव्हा किती किलोला किती मीठ पडलं ते डब्यावर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा. किलोभर चटणीत १०० ग्रॅम मीठ असेल, तर १० ग्रॅम चटणीबरोबर १ ग्रॅम मीठ पातेल्यात गेलं. विकतची असेल तर पाकिटावर सोडियमचा आकडा बघा. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे साधारण १ ग्रॅम मीठ. आणि मीठ नेहमी शेवटी घाला, रस्सा उकळल्यावर चव बघून. फोडणीतच मूठ सोडायची सवय मोडली, तर कमी मिठाची चव दोन-तीन आठवड्यांत जिभेवर बसते.

आता अख्खा मसूर. इस्लामपूरचं नाव या पदार्थाने महामार्गावरच्या ढाब्याढाब्यावर नेलं. ढाब्यावर त्यात तेल सढळ असतं आणि वर लोण्याचा गोळाही येतो. घरी चार माणसांसाठी २०० ग्रॅम मसूर घ्या. धुऊन तासभर भिजवा आणि कुकरला दोन-तीन शिट्ट्या द्या. दाणा अख्खा राहिला पाहिजे. पातेल्यात चहाचे चार चमचे शेंगतेल, मोहरी, जिरं, मग बारीक चिरलेले दोन कांदे. आच मंद ठेवा आणि झाकण घाला. कांदा खाली लागू लागला की आपला हात तेलाच्या बुधलीकडे जातो. तिथे पाण्याचा हबका मारा. कांद्याला मऊ व्हायला वेळ लागतो, तेल लागत नाही. मग आलं-लसूण, एक टोमॅटो, अर्धा चमचा हळद आणि शेवटी चहाचे दोन चमचे चटणी. चटणी अर्धा मिनिटच परता. मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही, त्यामुळे चार चमचे तेलातही कट दिसतो. रंग हवा आणि जळजळ नको असेल, तर चटणीत बेडगी मिरचीचं प्रमाण वाढवा. मसूर शिजलेल्या पाण्यासकट ओता, लागेल तसं आधणाचं पाणी घाला आणि पाच-दहा मिनिटं उकळा.

दाट रस्सा हवा म्हणून कूट आणि खोबरं घालताना मात्र हात आखडा. शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेलच असतं आणि खोबऱ्यात त्याहून जास्त. त्यापेक्षा शिजलेला डावभर मसूर ठेचून परत रश्श्यात मिसळा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत २००० कॅलरीच्या आहाराला दिवसाचं तेल-तूप २७ ग्रॅम आणि डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम धरली आहेत. चार जणांच्या घरात महिन्याला साडेतीन लिटरच्या वर तेल लागत असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला जास्त जातंय असं समजा.

वाढताना काय होतं तेही बघा. घरच्या पुरुषांना आणि पाहुण्यांना तळातला घट्ट मसूर, आणि बाई शेवटी बसते तेव्हा पातेल्यात उरतो नुसता पातळ रस्सा. त्यात ती भाकरी कुस्करते. तिच्या वाट्याला मीठ-तिखट येतं, प्रथिनं आणि लोह येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. हे मला फार लागतं, कारण यातला काही भाग तरी एका डावाने सुधारता येईल. घट्ट उसळीची वाटी प्रत्येकाच्या ताटात आधी पडू द्या. वर लिंबू पिळा; त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे कडधान्यातलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर तेच लोह वाया जातं. शाळूची भाकरी आणि मसूर ही जोडी तर उत्तमच. ज्वारीत जे अमिनो आम्ल कमी, ते मसुरात भरपूर असतं. मधुमेह असेल तर एक भाकरी कमी करून उसळीची वाटी वाढवा.

कोरेगाव तालुक्यातला वाघ्या घेवडा रांधणाऱ्यांनी एक गोष्ट पाळलीच पाहिजे. घेवडा हा राजम्याचा भाऊबंद. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या दाण्यात एक विषारी प्रथिन असतं, त्याने काही तासांत जोरदार उलट्या-जुलाब होतात. रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून द्या आणि कुकरमध्ये पूर्ण मऊ करा. चुलीवर करत असाल तर आधी अर्धा तास खळखळ उकळी हवी. मंद आचेवर नुसतं कोमट ठेवून ते विष जात नाही.

हळदीचंही बरेच जण विचारतात. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिचा अभिमान रास्तच. अर्धा चमचा हळद फोडणीत रोज असावी. पण हळदीच्या अर्काच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका. मोठ्या मात्रेने काहींच्या यकृताला इजा झालेली आहे, आणि रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर धोका वाढतो. सुट्या हळदीची शंका आली तर ग्लासभर पाण्यात चमचाभर टाका. चांगली हळद तळाशी बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं; गडद पिवळं झालं तर रंगाची भेसळ असू शकते.

तिखटाने अल्सर होतो ही समजूत मात्र सोडा. बहुतेक अल्सर हेलिकोबॅक्टर जंतूमुळे किंवा वेदनाशामक गोळ्यांमुळे होतात. छातीत जळजळ असणाऱ्याला मात्र तिखट आणि तेल त्रास देतं, म्हणून त्याने रात्री रस्सा खाऊन लगेच आडवं होऊ नये. मध्ये दोन-तीन तास जाऊ द्यावेत. काळी शी, वजन घटणं, घास अडकणं यांपैकी काही असेल तर घरगुती उपाय न करता तपासणी करून घ्या.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी कडधान्याचं आणि टोमॅटोचं प्रमाण आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं. बाजारात मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा रक्तदाबाची काही विशिष्ट औषधं चालू असतील, तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. विचारल्याशिवाय ते मीठ घरात आणू नका.