रात्री हिशेब भरताना स्क्रीन काळा करा

ताई, कंपनीतली पाळी संपवून रात्री गटाचा हिशेब कॉम्प्युटरवर चढवता, तेव्हा पांढरा स्क्रीन डोळ्यांवर येतो ना? विंडोज १० किंवा ११ असेल तर डेस्कटॉपच्या रिकाम्या जागेवर माऊसचं उजवं बटण दाबा. पर्सनलाइज, मग कलर्स उघडा आणि लाइटच्या जागी डार्क निवडा. नोंदी जशाच्या तशा राहतात, घाबरू नका. एक्सेलचा तक्ता मात्र बहुतेक पांढराच दिसेल. तिथं मॉनिटरच्या बटणानं ब्राइटनेस कमी करा. साध्या एलसीडी मॉनिटरवर वीज वाचते तीही ब्राइटनेस उतरवल्यानंच, काळ्या रंगानं नाही. काही जणींना काळ्यावरचे पांढरे आकडे पसरट दिसतात. हप्त्यातला ३ जर ८ वाटायला लागला, तर सरळ लाइटवर परत या आणि डोळे तपासून घ्या.