टाच टेकते का, तेवढं बघ

सूनबाई, बाळाला कुणी "आळशी आहे, आमच्याकडची पोरं उशिराच चालतात" म्हटलं की मान डोलवू नकोस. खडवलीत अंगणवाडी चालवली मी. किती पोरं वजनकाट्यावर ठेवली असतील! ज्याचं सी.पी., म्हणजे सेरेब्रल पाल्सी, जोराचं असतं, ते कुणाच्याच नजरेतून सुटत नाही. सुटतं ते सौम्य. असं मूल हसतं, बोलतं, खातंपितं, म्हणून घरचे निर्धास्त राहतात आणि हातातली पहिली वर्षं जातात.

म्हणून बारकाईने बघ. वर्षाच्या आतलं बाळ खुळखुळा एकाच हाताने धरत असेल आणि दुसरी मूठ आवळलेलीच असेल, तर सगळे कौतुकाने डावखुरा म्हणतील. पण इतक्या लवकर डावं-उजवं ठरत नाही; दुसरा हात मागे पडत असेल, हे धरून दाखवायला ने. आठ-नऊ महिन्यांचं होऊनही आधाराशिवाय बसत नाही, दीड वर्षाचं झालं तरी पाऊल टाकत नाही, किंवा चालतं पण एका पायाच्या चवड्यावर, तरी तेच कर. बाळ दोन महिने आधी जन्मलं असेल तर ते दोन महिने वयातून वजा करायचे, दहा महिन्यांचं बाळ आठ महिन्यांचं धरायचं. वजाबाकी करूनही मागे असेल तर मात्र थांबू नकोस.

कुणी ग्रहणाला दोष देईल, कुणी दृष्ट काढेल. गरोदरपणात, बाळंतपणात किंवा जन्मानंतरच्या काळात कोवळ्या मेंदूला इजा होते, एवढीच गोष्ट आहे. कमी दिवसांचं बाळ, जन्मल्यावर न रडलेलं, जोराची कावीळ झालेलं, मेंदूज्वरातून उठलेलं, अशांना धोका जास्त. कधी कारण सापडतही नाही, मग आईला बोल कशाला? मेंदूतली ती इजा पुढे वाढत नाही. पण पोर उंच होतं तेव्हा हाडं भराभर वाढतात आणि पोटरीचा आखडलेला स्नायू मागे राहतो. पाचव्या वर्षी टेकणारी टाच दहाव्या वर्षी उचललेली दिसते ती त्यामुळे. बरं चाललंय म्हणून व्यायाम सोडणाऱ्यांना हेच भोवतं.

सी.पी. आहे म्हटल्यावर व्यायाम फिजिओथेरपिस्टने शिकवलेलाच कर. टाच तळहातात घ्यायची, गुडघा सरळ ठेवायचा, चवडा हळूहळू वर न्यायचा आणि तिथेच धरून वीस-तीस आकडे मोजायचे. हिसका अजिबात नको. मालीशवाली पाय ओढून सरळ करते म्हणाली तर तिला तेल तेवढं लावू दे. चाकांचा वॉकर घरात आणूच नकोस; त्यात पोरं चवड्यावर पळतात, आणि नेमकी तीच सवय आपल्याला मोडायची असते. सदरा घालताना आखडलेला हात आधी बाहीत घाल, काढताना शेवटी काढ. स्प्लिंट दिला असेल तर आत सुती मोजा घाल, आणि काढल्यावर लालसर खूण किती वेळ राहते ते बघ. बराच वेळ गेली नाही तर माप बदलून घे.

बाकी खरी कामं आपल्या घरातच आहेत. मोड आलेले वाल सोलायला बसव. एका हाताने दाणा धरायचा, दुसऱ्या हाताच्या चिमटीने साल काढायचं. यात दोन्ही हातांशिवाय डाळिंबी निघतच नाही. पाच वर्षांचं पोर अर्ध्या तासात मूठभर सोलेल, त्यातल्या निम्म्या मोडेल. मोडू दे, आमटीत कुणाला कळतंय! तुला घाई असते म्हणून बटणं तू लावतेस, ते मला पटत नाही. दहा मिनिटं लवकर उठव. संध्याकाळी पाय जास्त ओढायला लागला तर रागावू नकोस, त्याला चालायलाच इतरांपेक्षा जास्त दम लागतो.

2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासायला येतं. त्या दिवशी पोराला घरी ठेवू नकोस. मोठ्या तपासणीसाठी परळचं वाडिया रुग्णालय आहे. हाजीअलीची पुनर्वसन संस्था गाठायची तर दादरला पूल ओलांडून वेस्टर्नची गाडी धर आणि महालक्ष्मीला उतर. डोळे आणि कान तपासून घ्यायचेच. तिरळेपणा आणि फिट यांच्याबद्दल डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तू सांग. 2016 च्या दिव्यांगांच्या कायद्यात सी.पी. आहे, पण बऱ्याच सवलती 40 टक्के अपंगत्वापासून सुरू होतात आणि सौम्य मुलाची टक्केवारी कधी त्याच्या खाली भरते. म्हणून सगळे कागद एका पिशवीत तारखेने लावून ठेव.

शाळेत बाईंना आधीच सांग, लपवू नकोस. मुंबईत मिठू अलूर यांनी 1972 मध्ये स्पॅस्टिक्स सोसायटी काढली, ती सी.पी. असलेल्या लेकीला शिकवायला जागा नव्हती म्हणून. त्या लेकीचा, मालिनी चिब यांचा त्रास आपल्या पोरापेक्षा कितीतरी जास्त. त्यांनी एका बोटाने टाइप करून पुस्तक लिहिलं. आपल्या पोराला पळण्याच्या शर्यतीत शेवटी का होईना, पण उतरवायचंच.

आणि पुढच्या तपासणीला जाताना त्याचे जुने बूट सोबत घे. टाच झिजली की चवडा, हे डॉक्टरांना दाखव.