युक्तिवादाची पारख : सत्यता-कोष्टकाचा एक पाठ

वादात दोन प्रश्न नेहमी एकमेकांत मिसळतात. बोलणाऱ्याने जे सांगितले ते खरे आहे काय, हा एक. आणि त्यातून त्याचा निष्कर्ष निघतो काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर पुराव्यांतून शोधावे लागते. दुसऱ्याचे उत्तर कागद-पेन्सिल घेऊन बसल्या जागी काढता येते. इतिहास शिकविताना आम्हांला या दुसऱ्या प्रश्नाचे मोल उत्तरोत्तर अधिक जाणवत गेले, म्हणून स्मरणिकेच्या वाचकांपुढे हा छोटा पाठ ठेवीत आहोत.

यासाठीचे साधन म्हणजे सत्यता-कोष्टक. लुडविग विट्गेन्श्टाइन आणि एमिल पोस्ट या दोघांनी ते आजच्या रूपात, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, १९२१ साली प्रसिद्ध केले. त्यामागील कल्पना साधी आहे. विधान एक तर खरे असते, नाही तर खोटे. दोन विधाने घेतली की चार शक्यता होतात, तीन घेतली की आठ. सर्व शक्यता ओळीने मांडायच्या आणि एकही वगळायची नाही, एवढेच.

अडते ते ‘जर-तर’च्या विधानापाशी. समजा, सरांनी वसतिगृहात सांगितले, “पाऊस आला तर कवायत होणार नाही.” पाऊस आला आणि कवायत झाली नाही, सर खरे ठरले. पाऊस आला नाही आणि कवायत झाली; तरीही खरेच. पाऊस आला नाही, पण दुसऱ्याच कारणाने कवायत झाली नाही. यातही सर खोटे बोलले असे म्हणता येत नाही, कारण पाऊस न आल्यास काय होईल याविषयी त्यांनी शब्दही काढला नव्हता. ते खोटे ठरतात एकाच प्रसंगी : पाऊस आला आणि तरीही कवायत झाली.

हा एकच प्रसंग हेरण्याची रीत आपल्या परंपरेला नवी नाही. परंपरेनुसार सम्राट अशोकाच्या काळी, पाटलीपुत्राच्या तिसऱ्या संगीतीत, मोग्गलिपुत्त तिस्स यांनी सांगितलेला ‘कथावत्थु’ हा ग्रंथ सगळा वादसंवादांचा आहे. त्यात प्रतिपक्षी पहिली गोष्ट मान्य करतो आणि तीतून येणारी दुसरी नाकारतो. तेव्हा त्याला बजावले जाते की पहिली म्हणत असाल तर दुसरीही म्हटली पाहिजे. पहिली घेऊन दुसरी सोडणे मिथ्या आहे. तेथे कोष्टक नाही, परंतु नेम नेमका त्याच जागेवर आहे.

आता कोष्टक मांडू. ‘ख’ म्हणजे खरे, ‘खो’ म्हणजे खोटे.

ओळ | प | फ | प तर फ | प नाही | फ नाही
१ | ख | ख | ख | खो | खो
२ | ख | खो | खो | खो | ख
३ | खो | ख | ख | ख | खो
४ | खो | खो | ख | ख | ख

कसोटी अशी : ज्या ज्या ओळीत सर्व आधारविधाने खरी आहेत, तेथे निष्कर्षही खरा असला पाहिजे. आधारविधाने खरी आणि निष्कर्ष खोटा, अशी एक जरी ओळ सापडली तरी युक्तिवाद अवैध.

आमच्या अनेक विद्यार्थ्यांनी महाविद्यालयात गेल्यावर एक युक्तिवाद ऐकलेला असतो. खुल्या गुणवत्ता यादीतून प्रवेश मिळाला असेल तर विद्यार्थी लायक असतो. या मुलीला तसा प्रवेश मिळालेला नाही. म्हणून ती लायक नाही. ऐकून मुले संतापतात, किंवा मान खाली घालतात. दोन्हींऐवजी तिसरी ओळ पाहावी. ‘प तर फ’ खरे, ‘प नाही’ खरे, आणि ‘फ नाही’ खोटे. म्हणजे बोलणाऱ्याची दोन्ही आधारविधाने जशीच्या तशी मान्य करूनही ती मुलगी लायक असू शकते.

यावर तो बहुधा म्हणेल, “मला म्हणायचे होते की त्या यादीतून प्रवेश मिळाला नसेल तर विद्यार्थी लायक नसतो.” असे म्हटल्यास युक्तिवाद वैध होतो, हे मोकळेपणाने मान्य करावे. परंतु आता जे विधान गृहीत धरून लपविले होते ते उघड्यावर आले, आणि ते सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर पडला. कोष्टकाचा खरा उपयोग आम्हांला येथे दिसतो.

हीच कसोटी आपल्या माणसांनाही लावली पाहिजे. लेण्यांच्या सहलीत उत्साही मंडळी म्हणतात : लेणे बौद्ध असेल तर त्यात कमळ कोरलेले असते, येथे कमळ आहे, म्हणून हे लेणे बौद्ध. पहिले विधान घटकाभर खरे मानू. पुन्हा तीच तिसरी ओळ : ‘प तर फ’ खरे, ‘फ’ खरे, ‘प’ खोटे. वेरूळच्या कैलास लेण्यात मंडपाच्या छतावर भले मोठे कमळ आहे, आणि ते लेणे शिवाचे आहे. लेणे बौद्ध असेलही. तसे सांगण्यासाठी शिलालेख, स्तूप, विहाराची रचना असा दुसरा पुरावा द्यावा लागेल.

वैध युक्तिवादाचा नमुनाही पाहू. विद्वत्ता जन्मजातीवरच ठरत असेल तर अस्पृश्य ठरविलेल्या जातीतून विद्वान निपजणार नाही. परंतु लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची डी.एस्सी. १९२३ साली आणि कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी. १९२७ साली मिळविणारे बाबासाहेब याच जातींतून आले. म्हणून विद्वत्ता जन्मजातीवर ठरत नाही. येथे ‘प तर फ’ आणि ‘फ नाही’ ही दोन्ही केवळ चौथ्या ओळीत खरी येतात, आणि तेथे ‘प नाही’ हेही खरे आहे. सुटकेला ओळच उरत नाही.

वैध म्हणजे खरे नव्हे, हे मात्र ध्यानी असावे. केसपुत्ताच्या कालामांना तथागतांनी ज्या आधारांवर विसंबू नये म्हणून सांगितले, त्यांत केवळ तर्कही होता. शिवाय ‘सर्व’, ‘काही’ या शब्दांवर उभे असलेले युक्तिवाद या कोष्टकाच्या आवाक्याबाहेरचे. त्यांची रीत निराळी आहे.

सरावासाठी एक उदाहरण देतो. प्रवेश वेळेवर झाला तर शिष्यवृत्ती मिळते. शिष्यवृत्ती मिळाली तर पुस्तके घेता येतात. पुस्तके घेता आली नाहीत. म्हणून प्रवेश वेळेवर झाला नाही. विधाने तीन, ओळी आठ. त्यांपैकी एकाच ओळीत तिन्ही आधारविधाने खरी येतात. ती कोणती, हे पालकांनी मुलांसमवेत बसून काढून पाहावे.