एकेक जीन्स, एकेक टेम्पो

मी बदलापूरला राहतो. उल्हासनगरच्या एका जीन्स व्यापाऱ्याला बिलांचा आणि मालाच्या हिशेबाचा प्रोग्राम लिहून दिला होता. डेटाबेस दुकानातल्याच कॉम्प्युटरवर होता, तोवर झक्क चाललं. मग शेठनी अंबरनाथला गोदाम घेतलं. दोन्हीकडे हिशेब एकच हवा, म्हणून मी डेटाबेस अमेरिकेतल्या भाड्याच्या सर्व्हरवर नेला, स्वस्त होता. कोडमध्ये फक्त पत्ता बदलला. तिथेच चुकलो.

दिवसाच्या १,२०० नोंदी लूप लावून जात, एका नोंदीला एक इन्सर्ट. शेजारच्या यंत्राला त्याचं काही नाही. पण अमेरिकेत जाऊन उत्तर परत यायला पाव सेकंद धरा, १,२०० नोंदींना ५ मिनिटं. नेट तेवढं टिकेना. तुटलं की गोदामातला मुलगा पुन्हा बटण दाबायचा आणि आधी पोचलेल्या नोंदी दुसऱ्यांदा जायच्या. हिशेबात माल फुगत गेला. एका रविवारी गोदामात बसून गठ्ठे मोजले, तेव्हा उलगडलं. सगळं ऐकून शेठ म्हणाले, "भाऊ, एकेक जीन्स वेगळ्या टेम्पोने पाठवतो काय?"

आता शंभरेक नोंदी एका इन्सर्टमध्ये बांधतो आणि सगळ्या मिळून एकच ट्रान्झॅक्शन. तरी मेख उरतेच. कमिट पोचलं, पण 'झालं' हे उत्तर येताना लाइन तुटली, तर काम झालं की नाही हे आपल्याला कळत नाही. म्हणून बिल क्रमांक आणि ओळ क्रमांक मिळून युनिक की करा, आणि तीच नोंद पुन्हा आली तर डेटाबेसला ती सोडून द्यायला सांगा.

दुसरा धडा एका गिऱ्हाइकाच्या पाटीने दिला. दुकानाच्या इंग्रजी नावात, 'मेन्स'मध्ये, अपॉस्ट्रॉफी. मी नाव थेट स्टेटमेंटमध्ये चिकटवत होतो. डेटाबेसला वाटलं मजकूर तिथेच संपला. बिल अडलं. नुसतं अडलं हे नशीब, कारण त्याच फटीतून कुणी आपला हुकूम घुसवू शकतो. सुरक्षा संशोधक जेफ फॉरिस्टल यांनी १९९८ सालीच 'फ्रॅक' या हॅकरांच्या ऑनलाइन नियतकालिकात हे लिहून ठेवलं होतं. स्टेटमेंटमध्ये प्रश्नचिन्ह ठेवा, नाव पॅरामीटर म्हणून वेगळं पाठवा. (डेटाबेसचा ३३०६ पोर्टही मी साऱ्या जगाला उघडा ठेवला होता. आता व्हीपीएनशिवाय दार नाही.)

सर्व्हर मुंबईत आणलाय. गोदामातला मुलगा मात्र अजून बटण दोनदा दाबून बघतो.