छत्रीतून उतरलेल्यांच्या आठवणी

प्रश्न : माझे मामा १९७१ च्या युद्धात टांगाईलला विमानातून उड्या घेतलेल्या पलटणीत होते. आता पंचाहत्तरी ओलांडली आहे. तीच हकिकत दर दिवाळीला थोडी वेगळी होते. एका वर्षी ते तळ्यात पडले होते, यंदा भातखाचरात. युद्धावरच्या जाडजूड पुस्तकांत अशा जवानांच्या आठवणी पानोपानी असतात. लेखक त्या गोळा कशा करतात, आणि खरं-खोटं ठरवतात कसं?
— एक वाचक, कोरेगाव (जि. सातारा)

उत्तर : मामांना लगेच थापाड्या ठरवू नका. टांगाईलकडचा मुलूख म्हणजे खाचराला लागून तळं आणि तळ्याला लागून खाचर. एकाच संध्याकाळी माणूस दोन्हीकडे भिजू शकतो.

छत्रीधारी सैनिकांच्या बाबतीत तोंडी हकिकतीला इतरांपेक्षा जास्त वजन का, हे आधी पाहू. पायदळाच्या हल्ल्यात आपली माणसं साधारण कुठे आहेत, हे कंपनी कमांडरला ठाऊक असतं. विमानाच्या दारातून बाहेर पडलेला जवान मात्र जमिनीला पाय लागेपर्यंत, आणि पुष्कळदा त्यानंतरही बराच वेळ, एकटाच असतो. ६ जून १९४४ च्या पहाटेआधीच्या अंधारात नॉर्मंडीत ८२ आणि १०१ या अमेरिकन डिव्हिजनांचे सुमारे तेरा हजार सैनिक उतरले. ढग आणि विमानवेधी तोफांचा मारा यांमुळे विमानांची रांग मोडली आणि माणसं मैलोन्‌मैल विखुरली. पलटणीची नोंद ज्यांनी ठेवायची, ते अधिकारीसुद्धा कुठल्या तरी भलत्याच शेतात नकाशा चाचपत होते. त्या रात्रीचे पहिले तास कुठल्या एका कागदावर सापडणार नाहीत. ते माणसामाणसांत वाटले गेले आहेत.

हे ओळखून कामाला लागलेला माणूस म्हणजे कॉर्नेलियस रायन. मूळचा डब्लिनचा हा वार्ताहर. ‘द लाँगेस्ट डे’ या १९५९ च्या पुस्तकासाठी त्याने वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या : सहा जूनला तुम्ही तिथे होतात का? उत्तर देणाऱ्याला तो छापील प्रश्नावली पाठवी आणि त्यातून निवडलेल्यांना भेटे. मला त्याच्या पुस्तकापेक्षा त्या प्रश्नावलीचं कौतुक जास्त आहे. कुठे आणि किती वाजता उतरलात, हे त्यात होतंच. शिवाय वाटेतला प्रवास कसा झाला, कोणाशी काय बोलणं झालं, रोजनिशी ठेवली होती का, विनोदी असं काही घडलं का, संकटात कोणी अचाट हुशारी किंवा अचाट मूर्खपणा केला का, असंही विचारलेलं असे. ‘शौर्य सांगा’ म्हटलं की माणूस भाषण ठोकतो. मूर्खपणा विचारला की तो खुलतो. रायनचे हे कागद आज अमेरिकेत ओहायो विद्यापीठात जपून ठेवले आहेत. सेंत-मेर-एग्लिझ गावच्या चर्चच्या मनोऱ्याला छत्री अडकून लटकलेला, पायाला जखम झालेला आणि मेल्याचं सोंग घेतलेला जॉन स्टील जगाला ठाऊक झाला तो याच पुस्तकामुळे आणि त्यावरच्या १९६२ च्या चित्रपटामुळे. गावाने त्या मनोऱ्यावर आजही छत्रीसकट एक बाहुला टांगून ठेवला आहे.

आता दुसरी बाजू. स्टीफन अँब्रोज यांचं १९९२ चं ‘बँड ऑफ ब्रदर्स’ हे पुस्तक १०१ डिव्हिजनमधल्या एका कंपनीच्या आठवणींवर उभं आहे. त्यातल्या आल्बर्ट ब्लाइद या सैनिकाबद्दल सोबत्यांची पक्की समजूत होती की गोळी लागल्यानंतर तो सावरलाच नाही. पुस्तकात तेच आलं. त्यावरच्या २००१ च्या मालिकेने तर तो १९४८ मध्ये वारल्याची पाटीही दाखवली. प्रत्यक्षात ब्लाइद बरा झाला, पुढे कितीतरी वर्षं सैन्यात राहिला आणि १९६७ मध्ये वारला. सोबती खोटं बोलत नव्हते. तो पुन्हा कंपनीत आला नाही, एवढंच त्यांना माहीत होतं, आणि उरलेली जागा प्रत्येकाने आपापल्या परीने भरून काढली. सर्व्हिस रेकॉर्डचा एक कागद पाहिला असता तर चूक टळली असती.

म्हणजे कागद खरा आणि माणूस खोटा? मामांच्याच लढाईत याचं उलटं उदाहरण आहे. ११ डिसेंबर १९७१ च्या दुपारी उशिरा २ पॅरा या पलटणीचे सुमारे सातशे जवान टांगाईलजवळ उतरले. उत्तरेकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी फौजेची वाट तोडण्यासाठी पुंगली पूल ताब्यात घ्यायचा होता. त्या उडीची छायाचित्रं वेळेत हाती आली नाहीत, तेव्हा लष्कराचे जनसंपर्क अधिकारी राममोहन राव यांनी आग्र्याच्या जुन्या सरावाचं छायाचित्र वृत्तपत्रांना दिलं. त्यात अख्ख्या ब्रिगेडच्या छत्र्या! परदेशी बातम्यांत उतरलेल्यांचा आकडा हजारोंच्या घरात गेला. शत्रूला धडकी भरवायला ते उत्तमच होतं, पण उद्या कोणी त्या कात्रणांवरून इतिहास लिहील तर? तिथे मामांची साक्षच कामी येईल.

माझं मत असं की, जे फक्त त्यालाच माहीत असू शकतं तेच जवानाला विचारावं. तारीख, वेळ, आकडे कागदांतून घ्यावेत. मामांना ‘किती वाजता उडी मारलीत’ विचारू नका. ‘तुमच्या पुढे कोण होतं, मागे कोण होतं’ असं विचारा. विमानात जवान ठरलेल्या क्रमाने उभे राहतात, त्या रांगेला ते ‘स्टिक’ म्हणतात, आणि पन्नास वर्षांनीही पुढच्याची पाठ आठवते. एक नाव निघालं की त्याच्यामागून दुसरं निघतं. पाठीवर, पायाला काय बांधलं होतं? विमान पॅकेट होतं की डाकोटा? खाली उतरल्यावर पहिल्यांदा कोण भेटलं? दारूगोळ्याच्या पेट्या वाहायला आलेल्या गावकऱ्यांशी कुठल्या भाषेत बोललात?

२ पॅरा म्हणजे मूळची ३ मराठा. पुंगलीनंतर तिला येऊन मिळाली ती १ मराठा, म्हणजे जंगी पलटण, जमालपूरची लढाई मारून आलेली. त्या भेटीचे साक्षीदार दोन्हीकडचे असणार. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आणि माजी सैनिकांच्या मेळाव्यात चौकशी केलीत तर आसपासच्या तालुक्यांत एखादे तरी निघतील. मात्र आधी प्रत्येकाला एकेकटं गाठा. अमेरिकन लष्करी इतिहासकार एस. एल. ए. मार्शल लढाईनंतर लगेच अख्ख्या तुकडीला एकत्र बसवून घटनाक्रम जुळवी. आठवणी ताज्या असताना ते ठीकच. पन्नास वर्षांनी तसं केलं तर ज्याचा आवाज मोठा त्याची आठवण सगळ्यांची होते. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर दोन्ही लिहून ठेवा, मधला रस्ता काढू नका.

मामांच्या डिस्चार्ज बुकची आणि जुन्या पत्रांची झेरॉक्स काढून ठेवा. संरक्षण मंत्रालयाने २०२१ मध्ये युद्धाच्या नोंदी खुल्या करण्याचं धोरण जाहीर केलं आहे, त्यामुळे आज न जुळणारी गोष्ट उद्या जुळू शकते. आणि एखाद्या शहीद सोबत्याच्या शेवटच्या क्षणांबद्दल मामा काही सांगतील, तर ते लिहून घ्या, पण त्याच्या घरच्यांना विचारल्याशिवाय छापू नका. गावाकडे त्याची वीरपत्नी असेल, आणि तिला वेगळंच काही सांगितलं गेलं असेल.